तिळ्यांसोबत एकट्याने संध्याकाळ: दुपारच्या झोपेपासून रात्रीच्या अंथरुणापर्यंत

तिळी मुलं चालायला लागली की दिवसातली एकच वेळ आईबाबांना सगळ्यात जास्त छळते. संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास मदतीला येणाऱ्या मावशी निघून जातात, घरातलं दुसरं माणूस अजून लोकलमध्ये किंवा ट्रॅफिकमध्ये असतं, आणि तिघंही भुकेली, दमलेली, चिडलेली असतात. तिथून रात्री नऊपर्यंत मोठं माणूस एकच.

या वेळेत बहुतेक घरांत तीच चूक होताना दिसते. जे मूल मोठ्याने रडतं त्याचं आधी केलं जातं, आणि समोर येईल ते काम तसं उरकलं जातं. एकाच मुलाच्या बाबतीत हे चालून जातं. तिघांच्या बाबतीत मात्र एकाचं करताना दुसऱ्याचं अर्धं राहतं, तिसरं तेवढ्यात बाथरूममध्ये पोचतं, आणि जेवण नऊ वाजता सुरू होतं. म्हणून सगळा भर क्रमावर द्यायचा: खेळ आणि जेवण तिघांचं एकत्र, स्वच्छता एकेकाची, झोप पाठोपाठ. हा क्रम उलटा केला की, म्हणजे जेवण एकेकाला आणि अंघोळ तिघांना एकदम अशी केली की, संध्याकाळ हाताबाहेर गेलीच.

पुढचं सगळं साधारण १ ते ३ वर्षांच्या मुलांसाठी आहे.

आधी वयाचा हिशोब

तिळी बहुधा दिवस भरायच्या आधी जन्मतात. ३२ आठवड्यांची जन्मली असतील तर ४० आठवड्यांपेक्षा ८ आठवडे कमी, म्हणून वाढ आणि कौशल्यं बघताना त्यांच्या वयातून हे ८ आठवडे वजा करायचे. २ वर्षांची होईपर्यंत हा हिशोब धरतात. चौदा महिन्यांची अशी मुलं चावण्यात, चालण्यात, चमचा धरण्यात बारा महिन्यांच्या मुलांसारखी असतील, तर त्यात काळजीचं काही नाही. शेजारच्या मुलाशी तुलना करून घट्ट घास देण्याची घाई करू नका.

लसीकरणाला मात्र हा हिशोब लावायचा नाही. लसी जन्मतारखेप्रमाणेच देतात.

टप्पा १: एक खोली पूर्ण सुरक्षित करा

सगळं घर सुरक्षित करायला निघालात तर कुठलीच खोली धड होत नाही. एकच खोली घ्या, बहुधा हॉल, आणि ती अशी करा की तुम्ही पाच मिनिटं संडासला गेलात तरी जिवावर बेतेल असं तिथे काही नसेल.

गुडघ्यांवर रांगत एकदा सगळी खोली फिरा. मुलांच्या उंचीवरून वेगळंच घर दिसतं: टीव्हीमागची लोंबणारी वायर, दिवाणाखाली गेलेलं नाणं, डास पळवणाऱ्या औषधाचं सॉकेटमध्ये लावलेलं यंत्र. कपाट, पुस्तकांचा रॅक आणि टीव्ही भिंतीला स्क्रूने पक्के करा. एकटं मूल कपाटावर चढलं तर कपाट कदाचित तोल सांभाळेल, पण इथे तिघं एकदम लोंबकळतात. खिडकीजवळ खुर्ची, मोडा, उशांचा ढीग, काहीही ठेवू नका. एक मूल दुसऱ्याला वर ढकलतं, ही तिळ्यांची खास कला आहे.

रिमोट, खेळणी, वजनकाटा यांतले बटणासारखे चपटे सेल शोधून काढा आणि त्यांची झाकणं स्क्रूची आहेत ना ते बघा. असा सेल गिळला तर दोन तासांच्या आत अन्ननलिका आतून भाजायला लागते. नुसती शंका आली तरी सरळ दवाखाना गाठायचा, शी होऊन पडेल म्हणून वाट बघायची नाही.

स्वयंपाकघर आणि बाथरूम यांच्या दाराला वरच्या बाजूला कडी हवी. स्वयंपाकघराला दार नसेल तर लहान मुलांसाठी मिळणारं जाळीचं फाटक बसवून घ्या. या सगळ्या तयारीत पैसे खर्च करायचेच असतील तर आधी या फाटकावर करा.

*सावधान:* बाथरूममध्ये भरलेली बादली, टब, पिंप उघडं ठेवू नका. वरून वाकलेल्या मुलाचं डोकं जड असतं, ते उलटं पडतं आणि त्याला परत उठता येत नाही. चार-पाच सेंटिमीटर पाण्यातही मूल बुडू शकतं, आणि त्याचा आवाज होत नाही. पाणी एकच वेळ येतं म्हणून साठवावं लागत असेल तर झाकण घट्ट बसणारं पिंप घ्या आणि बाथरूमची कडी लावलेली ठेवा.

टप्पा २: तिघं झोपलेली असताना संध्याकाळची मांडणी

दुपारी मुलं झोपली की आपणही आडवं व्हावं असं सगळे सांगतात. व्हा, पण आधी अर्धा तास द्या. तो अर्धा तास संध्याकाळचे दीड-दोन तास वाचवतो.

काय काय करून ठेवायचं:

१. रात्रीचं जेवण शिजवून ठेवा. मुगाच्या डाळीची मऊ खिचडी, गुरगुट्या भात आणि वरण, दुधीची किंवा लाल भोपळ्याची मऊ भाजी. पाणी थोडं जास्त घाला, कारण थंड झाल्यावर घट्ट होतं. उकाड्यात फ्रीजमध्ये ठेवा आणि जेवणाआधी नीट वाफ येईपर्यंत गरम करा.

२. तीन जागी तीन संच लावा. प्रत्येक मुलाचा एक रंग ठरवून टाका, लाल, पिवळा, निळा, आणि वाटी, चमचा, पेला, टूथब्रश, रुमाल सगळं त्याच रंगाचं ठेवा. एकसारखी दिसणारी मुलं असतील तर पायाच्या एका नखाला रंग लावा. आजी, मावशी, शेजारच्या काकू, कुणीही मदतीला आलं तरी विचारावं लागत नाही.

३. डायपर बदलायची जागा मांडा: जमिनीवर रबरी चादर, तिच्यावर दुपटं, शेजारी सहा डायपर (तीन लागतील, पण सहाच ठेवा), ओले रुमाल, मलम, झाकणाचा डबा. पलंगावर डायपर बदलू नका. एकाचे पाय धरलेले असताना दुसरं कडेवरून घसरलं तर तुमच्याकडे तिसरा हात नसतो.

४. रात्रीचे कपडे तीन गठ्ठ्यांत, अंथरुणाच्या खोलीत.

५. फोन चार्जिंगला. फ्रीजवर मोठ्या अक्षरात १०८, मुलांच्या डॉक्टरांचा नंबर, आणि पाच मिनिटांत धावत येऊ शकेल अशा एका शेजाऱ्याचा नंबर.

*तपासा:* पहिलं मूल उठायच्या आत ओट्यावर सुरी, कात्री, गरम चहा, कुकर यांतलं काही कडेला राहिलेलं नाही ना. गॅस मागून बंद आहे ना.

टप्पा ३: एक उठलं की तिघांना उठवा

इथे घरातल्या मोठ्यांशी थोडी वादावादी होते, कारण झोपलेल्या मुलाला उठवू नये असं आपल्याकडे मानतात. तिळ्यांच्या घरात हे पाळलं तर एक साडेतीनला उठतं, दुसरं साडेचारला, तिसरं पावणेसहाला, आणि रात्री झोपायला तीन वेगवेगळ्या वेळा लागतात. पहिलं उठल्यापासून पंधरा-वीस मिनिटांत बाकीच्यांना हळूच उठवा. पडदा सारा, पंखा कमी करा, पाठीवरून हात फिरवा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीप्रमाणे १ ते २ वर्षांच्या मुलांना चोवीस तासांत ११ ते १४ तास झोप लागते, ३ ते ४ वर्षांच्या मुलांना १० ते १३ तास, आणि यात दुपारची झोप धरलेली आहे. दुपारी तीन-साडेतीन तास झोपलेलं मूल रात्री साडेदहापर्यंत टक्क जागं राहिलं तर तो त्याचा हट्ट नसतो.

उठल्यावर हलकं खाणं द्या: केळं, मऊ चिकू, दह्यातले पोहे. मग त्यांना दमवा. एकटे असाल तर तिघांना घेऊन सोसायटीच्या आवारात उतरू नका. तीन मुलं तीन दिशांना धावतात, आणि आवारात रिक्षा, स्कूटर, डिलिव्हरीवाले यांची ये-जा असते. बाहेर न्यायचंच असेल तर दोन मोठी माणसं हवीत, किंवा तिघांना पट्ट्याने बसवता येईल अशी गाडी. नाहीतर खोलीतच रिकामी खोकी ढकलू द्या, गाद्यांवर लोळू द्या, बादलीत चेंडू टाकू द्या. टीव्ही या वेळेला लावू नका, तो लावला की मुलं बसून राहतात आणि दमत नाहीत.

खेळण्यांवरून भांडणं होतील, चावे घेतले जातील. चावणाऱ्याला ओरडण्याआधी ज्याला चावलं त्याला जवळ घ्या. चावणाऱ्याकडे सगळं लक्ष गेलं तर लक्ष वेधून घ्यायची ती एक युक्ती होऊन बसते.

टप्पा ४: जेवण तिघांचं एकत्र, पावणेसात ते सव्वासात

जेवणाची वेळ पुढे ढकलणं ही या सगळ्यातली सगळ्यात महाग पडणारी चूक. सात वाजून गेले की मुलं भुकेच्या पलीकडे जाऊन नुसती रडतात.

तीन बुटक्या, पट्ट्याच्या खुर्च्या अर्धवर्तुळात मांडा आणि मध्ये जमिनीवर तुम्ही बसा. प्रत्येक तोंड तुमच्या हाताच्या अंतरावर हवं. खिचडी आधी परातीत पसरून कोमट करा, मग तीन वाट्यांत वाढा. थेट पातेल्यातून वाढली तर पहिल्याचं तोंड पोळतं आणि तिसऱ्याला थंडगार गोळा मिळतो. वेगळ्या वाट्या असल्या की कुणी किती खाल्लं तेही कळतं. एकाच वाटीतून भरवलं तर हळू खाणारं मूल आठवडेच्या आठवडे कमी जेवतं आणि ते लक्षात येत नाही, वजन करताना कळतं.

आता घासांचा क्रम. डावीकडून उजवीकडे, प्रत्येक वेळी तसाच. लाल, पिवळा, निळा, परत लाल. मधलं मूल चोचीसारखं तोंड उघडून बसलं असलं तरी त्याची पाळी आल्यावरच. पहिले काही दिवस आरडाओरडा होईल. मग एक दिवस दिसेल की पिवळ्या वाटीचं मूल चमचा लाल वाटीकडे जाताना बघतंय, गप्प बसलंय, आणि चमचा परत फिरला की तोंड उघडतंय. क्रम बदलत राहिलात तर हे शिकणं होत नाही, कारण मग रडणं हाच पाळी मिळवायचा मार्ग उरतो.

पाच-सहा फेऱ्यांनी भूक जरा शमली की हातात खायला द्या: पोळीचे तुपात भिजवलेले तुकडे, उकडलेला बटाटा, पनीर. हाताने खाण्याची सवय याच वेळी लावायची. सुरुवातीलाच हातात दिलं तर भुकेल्या मुलाला पुरेसं पटकन खाता येत नाही आणि ते चिडतं.

*सावधान:* अख्खे शेंगदाणे, फुटाणे, काजू, मक्याच्या लाह्या, कच्चं गाजर, बोरं, गोळ्या देऊ नका. शेंगदाणा असलाच तर कूट करून. द्राक्षं उभी चार भागांत कापून. खाताना कुणीही उभं राहायचं नाही, पळायचं नाही, झोपून खायचं नाही.

*घास अडकला तर:* मूल खोकत असेल, आवाज निघत असेल तर खोकू द्या. आवाजच निघत नसेल, श्वास घेता येत नसेल, तर मुलाला पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मधोमध तळव्याने जोरात ५ थापा द्या. १ वर्षावरच्या मुलाला तेवढ्याने सुटलं नाही तर मागून धरून, मूठ बेंबीच्या वर आणि फासळ्यांच्या खाली ठेवून, आत आणि वर असे ५ झटके द्या. परत ५ थापा, परत ५ झटके. मूल बेशुद्ध पडलं तर १०८ ला फोन करून स्पीकरवर टाका आणि छाती दाबणं सुरू करा. दिसत नसताना घशात बोट घालू नका, घास आणखी आत जातो. हे वाचून हाताला येत नाही. प्रथमोपचाराचं शिक्षण घ्या, आणि आजीलाही न्या.

मध्येच तिघं एकदम रडली तर

रडणारं मूल श्वास घेत असतं. म्हणून आधी बघायचं ते गप्प असलेल्या मुलाकडे. दोन मुलं किंचाळताहेत आणि तिसरं दिसतही नाही, ऐकूही येत नाही, अशा वेळी किंचाळणाऱ्यांना ओलांडून तिसऱ्याला शोधा. ते ठीक दिसलं की मग रक्त, पडणं, भाजणं. मग भूक. मग हट्ट. हा क्रम घरात मदतीला येणाऱ्या प्रत्येकाला सांगून ठेवा.

टप्पा ५: स्वच्छता एकेकाची

एकट्याने संध्याकाळी तिघांना अंघोळ घालू नका. हे मी ठामपणे सांगते. पूर्ण अंघोळ सकाळी, दोन मोठी माणसं घरात असताना. संध्याकाळी तोंड, हात, पाय आणि डायपरची जागा एवढंच पुरतं. घाम फार आला असेल तर ओल्या पंचाने अंग पुसा.

हेही बाथरूममध्ये न करता खोलीतच, मांडून ठेवलेल्या जागेवर करा. कोमट पाणी मोठ्या तांब्यात आणा, म्हणजे बादलीचा प्रश्नच येत नाही. पाणी कालवताना आधी गार, मग गरम, आणि कोपराने बघा. गरम पाणी आधी ओतून ‘आता गार आणते’ म्हणत वळलेल्या त्या दोन क्षणांत मुलं भाजतात.

ज्यांची नुसती सू झालीये त्यांचे डायपर आधी बदला, शी केलेलं मूल शेवटी. हात शेवटी एकदाच घाण होतात आणि लगेच साबणाने धुता येतात. एकाच्या जागेवर लाल पुरळ असेल तर मात्र ते मूल पहिलं, आणि मध्ये हात धुवायचे. एकाचं होईपर्यंत बाकीची दोघं पट्ट्याच्या खुर्चीतच राहू द्या, हातात पोळीचा तुकडा किंवा चमचा देऊन. सगळ्यांना आधी खुर्चीतून मोकळं करून मग एकेकाला पकडत फिरणं म्हणजे अर्धा तास वाया.

शी-सूची सवय लावायची असेल तर तिघांना एकदम सुरू करू नका. जे मूल स्वतःहून सांगतं, डायपर ओला झाला की ओढतं, ते पहिलं. बाकीची बघून शिकतात.

*तपासा:* तांब्या रिकामा केला, बाथरूमची कडी लावली, घाणेरडे डायपर झाकणाच्या डब्यात गेले.

टप्पा ६: दूध, दात, अंथरूण

दूध पेल्यातून आणि बसून. बाटली साधारण दीड वर्षापर्यंत सुटायला हवी. तिघांना तीन बाटल्या तोंडात देऊन झोपवणं सोपं वाटतं, पण दूध रात्रभर दातांवर राहून पुढचे दात किडतात, आणि मग तिघांच्या दातांचे दवाखाने मागे लागतात. दिवसभराचं दूध प्रत्येकी साधारण ४०० ते ५०० मिलि पुरे. त्याहून जास्त दुधाने पोट भरतं, जेवण कमी होतं आणि शरीरात लोह कमी पडतं.

दुधानंतर दात, दातांनंतर पाण्याशिवाय काही नाही. फ्लोराइडची पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी. ३ वर्षांनंतर वाटाण्याएवढी. ब्रश ज्याचा त्याचाच, रंग बघून.

गाद्या जमिनीवर, मध्ये हातभर अंतर ठेवून. एकमेकांना चेकाळवणारी जोडी कुठली ते तुम्हाला माहीत असतंच. त्या दोघांच्या मध्ये तुम्ही बसा. सगळ्यात पटकन झोपणारं मूल भिंतीकडे. दिवा मालवा, एकच अंगाई, रोज तीच, आणि आवाज हळूहळू बारीक. एक हात एकाच्या पाठीवर, दुसरा दुसऱ्याच्या. तिसऱ्याला आवाज पुरतो, आणि दर दोन-तीन मिनिटांनी हात बदलत राहा.

एक मूल रडायला लागलं की बाकीची उठतील या धास्तीने बरेच जण त्याला उचलून हॉलमध्ये नेतात. तिथे दिवा असतो, खेळणी असतात, ते पूर्ण जागं होतं. तिथल्या तिथेच थोपटा. भावंडांच्या रडण्याची सवय तिळ्यांना आपल्याला वाटतं त्यापेक्षा लवकर होते.

मोठं माणूस घरी यायची वेळ नेमकी साडेआठ असेल तर त्यांना सांगून ठेवा: बेल वाजवायची नाही, किल्लीने उघडायचं. बाबा आले म्हणून तिघं उठून बसली की आणखी एक तास गेला. तो जवळ घेण्याचा वेळ सकाळी ठेवा, आणि तेव्हा एकेकाला वेगळं घ्या. तिळ्यांशी आपण बहुतेक वेळा तिघांना मिळून बोलतो, ‘चला रे’, ‘बसा रे’. प्रत्येकाशी त्याचं नाव घेऊन, डोळ्यांत बघून रोज थोडं बोलणं झालं पाहिजे, नाहीतर बोलायला उशीर लागतो.

टप्पा ७: कुणी आजारी असेल त्या संध्याकाळी

फ्रीजवर पाच रकान्यांचा कागद लावा: रंग, औषध, किती मिलि, किती वाजता, कुणी दिलं. औषध पाजल्या पाजल्या लिहायचं, सगळ्यांचं झाल्यावर नाही. तिळ्यांच्या घरात औषधाची सगळ्यात मोठी चूक म्हणजे एकाच मुलाला दोनदा जाणं.

तिघांचं वय एक असलं तरी वजन वेगळं असतं, म्हणून पॅरासिटामॉलचं प्रमाणही वेगळं. प्रत्येकाचं वजन आणि डॉक्टरांनी त्यावरून सांगितलेलं माप कागदावर वरच लिहून ठेवा. याच औषधाच्या बाटल्या ५ मिलिमध्ये १२० मिग्रॅ आणि २५० मिग्रॅ अशा वेगवेगळ्या ताकदीच्या मिळतात. नवी बाटली आणली की आकडा बघा, जुन्या मापाने ओतू नका. माप बाटलीसोबतच्या कपाने किंवा सिरिंजने, घरातल्या चमच्याने नाही. खोकल्या-सर्दीची औषधं २ वर्षांखालच्या मुलांना मनाने देऊ नका, आणि एकाला लिहून दिलेलं दुसऱ्याला तर मुळीच नाही.

जुलाब असतील तर ओआरएसचं १ लिटरचं पाकीट १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एकदम कालवा आणि २४ तासांनी उरलेलं ओतून द्या. आजारी मुलाचा पेला-चमचा वेगळा धुवा. सहा-आठ तास सू झाली नाही, डोळे खोल गेले, मूल गळून गेलं, पाणी पोटात ठरत नाही, श्वास जोरात चालतोय, यांतलं काहीही दिसलं तर रात्र उजाडायची वाट बघू नका.

दवाखान्यात जाताना तिघांना नेऊ नका. फ्रीजवरच्या त्या शेजाऱ्याला बोलवा. आणि मदतीला कुणी आलं की ‘याला जरा बघा’ म्हणून एक मूल त्यांच्या हातात देण्यापेक्षा काम सांगा: भात कोमट करा, कपडे आणा, फाटकाजवळ बसून दोघांवर नजर ठेवा. घरी थांबणाऱ्याला निघताना फक्त एवढं दाखवा: फ्रीजवरचा कागद, तीन रंग, बाथरूमची कडी.